रशीला हात लावणारी म्हातारी

सप्रेम नमस्कार बाई,

मी देवगड तालुक्यातला, वय २३. दिवसा आंबा कॅनिंगच्या कारखान्यात हिशेब लिहितो, रात्री जेवणं आटोपली की लेख लिहायला बसतो. जिल्ह्यातल्या एका स्पर्धेसाठी ‘माझ्या गावचा किनारा’ या विषयावर लेख द्यायचा आहे. मी माझे परिच्छेद मोबाइलवरच्या एआय चॅटबॉटला दाखवतो. खालच्या परिच्छेदाला त्याने १० पैकी ६ दिले आणि न मागता सुधारूनही दिला. सुधारलेल्याला त्यानेच ९ दिले. दुसऱ्या दिवशी माझा जुनाच परिच्छेद नव्याने टाकला, तर त्याला ८ मिळाले. मी दोन्ही आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “दुसरो बरो आसा, पण तो आपल्या गावचो नाय.”

परिच्छेद चांगला झाला हे कुणी ठरवायचं? फोनने, आईने की मी? आणि फोनला विचारणं ही लबाडी आहे का?

माझा परिच्छेद: “आमच्या गावात रापण असते. रापण म्हणजे मोठं जाळं. आजो सांगायचे की पूर्वी शंभर माणसं लागायची. आता पर्ससीनमुळे मासळी कमी झाली. मला लहानपणी रशी ओढायला आवडायचं. रशी ओली असायची, हाताची सालं निघायची. सरकारने याकडे लक्ष दिलं पाहिजे. त्या दिवशी एकच टोपली पेडवे मिळाले आणि आजोंनी पहिला वाटा त्या म्हातारीला दिला, जिने रशीला नुसता हात लावला होता.”

फोनचा परिच्छेद: “रापण ही कोकण किनारपट्टीवरील एक समृद्ध पारंपरिक मासेमारी पद्धत असून ती सामुदायिक एकतेचे प्रतीक आहे. काळाच्या ओघात आधुनिक तंत्रज्ञानामुळे या परंपरेसमोर अनेक आव्हाने उभी राहिली आहेत. तरीही आजोबांच्या आठवणी आपल्याला आपल्या मुळांशी जोडून ठेवतात.”

तुमचा एक वाचक

*

अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने जे एका वाक्यात सांगितलं ते मला पानंच्या पानं खर्चून सांगावं लागणार आहे. तिला निकाल कळलाय, तुला त्याची कारणं हवी आहेत. दोन्ही परिच्छेद मी ओसरीवर बसून मोठ्याने वाचले. तुझा वाचताना शेवटच्या वाक्यापाशी थांबले आणि पुन्हा मागे गेले. फोनचा वाचून झाला आणि लगेच विसरले. पंधरा मिनिटांनी आठवून पाहिलं तर ‘समृद्ध’ एवढा एक शब्द हाती लागला.

मग फोनने ६ का दिले? ते ६ अगदीच वाऱ्यावरचे नाहीत. तुझ्या परिच्छेदात खरंच खोट आहे, आणि ती तू नीट बघावीस म्हणून आधी तिच्याकडेच वळते.

आठ वाक्यं आहेत. पहिली दोन रापण म्हणजे काय ते सांगतात. तिसरं जुना काळ सांगतं. चौथं मासळी का घटली ते सांगतं: पर्ससीनमुळे, म्हणजे यंत्रबोटींवरून घेर टाकणाऱ्या प्रचंड जाळ्यांमुळे. पाचवं-सहावं तुझं लहानपण. सातवं सरकारला केलेली मागणी. आठवं त्या एका दिवसाची गोष्ट. म्हणजे एका टोपलीत तारली, बांगडा, खेकडा आणि वर चार कोकमं. प्रत्येक वस्तू चांगली, पण गिऱ्हाइकाला कळत नाही की तू विकायला काय बसलायस. परिच्छेद जोखताना माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: हा इथे कशासाठी आलाय? तुझ्याकडे त्याची चार उत्तरं आहेत, म्हणून त्याचे चार परिच्छेद व्हायला हवेत. निदान तीन तरी.

‘परिच्छेद’ या शब्दातच छेद आहे, चारी बाजूंनी कापणं. मोडी कागद कधी पाहिला असशील तर आठव. आधी आडवी रेघ मारलेली आणि तिच्याखाली अक्षरं सलग गुंफलेली, शब्दसुद्धा तोडलेले नाहीत. वाचणाऱ्याने आपल्या अकलेने तोडायचं. छापील मराठी आली, मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीतून विरामचिन्हं रुळली, आणि कुठे थांबायचं हे सांगण्याची जबाबदारी वाचणाऱ्याकडून लिहिणाऱ्याकडे आली. ती आता तुझ्याकडे आहे. नवा परिच्छेद सुरू करतोस तेव्हा तू वाचकाला सांगतोस की एक काम झालं, आता दुसरं. काम संपण्याआधी तोडलंस तर तो अडखळतो, चार कामं एकत्र बांधलीस तर तो दमतो.

आता एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण यात माझ्या हातून चूक झालेली आहे. शाळेत आम्ही शिकवत असू की परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यात विषय आला पाहिजे. हा नियम आला इंग्रजीतून. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी १८६६ मध्ये लेखनकलेवरच्या पुस्तकात परिच्छेदाचे नियम बांधून दिले, त्यांत हाही होता. पुढे शंभर वर्षं तो शाळाशाळांतून घोटला गेला. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पुरानंतरच्या सकाळवर लिहिलं होतं. सुरुवात केली ती अंगणातल्या चिखलात हात घालून समई शोधणाऱ्या आजीपासून, आणि पूर आला होता हे सांगितलं शेवटच्या ओळीत. मी लाल पेनाने लिहिलं, ‘विषयवाक्य नाही’, आणि ५ पैकी २ दिले. ती वही परत घेताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

नंतर कधीतरी वाचनात आलं की १९७४ मध्ये रिचर्ड ब्रॅडॉक नावाच्या अमेरिकी प्राध्यापकांनी तिथल्या मासिकांतले मुरलेल्या लेखकांचे २५ लेख घेऊन परिच्छेद अन् परिच्छेद तपासला होता. पहिल्या वाक्यात विषय सांगणारे परिच्छेद निघाले जेमतेम १३ टक्के. ज्यांचं लेखन आपण नमुना म्हणून मुलांपुढे ठेवतो तेच हा नियम पाळत नव्हते. ती समईवाली मुलगी बरोबर होती आणि मी चुकले होते. तेव्हा तुझ्या परिच्छेदात रापणीचं नाव पहिल्या वाक्यात आलं की चौथ्या, याची काळजी सोड. वाचून झाल्यावर तो परिच्छेद कशाबद्दल होता हे एका वाक्यात सांगता यावं, एवढं पुरे. ते वाक्य कागदावर कुठेही नसलं तरी चालेल.

यंत्राने लेखनाला गुण देणं हे काही आजचं नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठात एलिस पेज यांनी संगणकाला निबंध तपासायला लावलं. पेज स्वतः आधी शाळेत इंग्रजी शिकवत, गठ्ठे तपासण्याचा शीण त्यांना ठाऊक होता. संगणकाला अर्थ कळणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी मोजता येण्यासारख्या खुणा घेतल्या: निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, स्वल्पविराम किती. या खुणांवरून काढलेले गुण माणसांनी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. यात जादू नाही. चांगलं लिहिणारा विद्यार्थी सहसा थोडं जास्त लिहितो, त्याचा शब्दसाठा मोठा असतो, वाक्यं लांब असल्याने स्वल्पविराम जास्त पडतात. पण खूण आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देठाजवळ खड्डा पडला, खांदे भरले की आंबा तयार झाला असं आपण म्हणतो. ती खूण खरी. पण कुणी कच्च्या आंब्याला देठाशी बोटाने खड्डा पाडला, म्हणून तो पिकेल का?

हाच डाव अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या लेस पेरेलमन यांनी २०१४ च्या सुमारास टाकून दाखवला. विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी ‘बेबल’ नावाचा एक प्रोग्रॅम केला. त्याला दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त शब्दांनी भरलेला, व्याकरणात चोख, पण ज्याला काडीचाही अर्थ नाही असा निबंध तयार करायचा. निबंध तपासणाऱ्या यंत्रणेने त्या निबंधांना वरचे गुण दिले.

तुझ्या फोनमधला चॅटबॉट त्या जुन्या यंत्रांपेक्षा कितीतरी पुढचा आहे, हे मान्य करायलाच हवं. तो स्वल्पविराम मोजत बसत नाही. प्रचंड मजकुरावरून तो शिकला आहे की एका शब्दामागून कुठला शब्द येणं जास्त संभवतं, आणि त्या अंदाजाने तो उत्तराचा एकेक तुकडा पुढे ठेवत जातो. संभवणाऱ्या अनेक शब्दांतून दर वेळी थोडी वेगळी निवड होते, म्हणून त्याच प्रश्नाला काल ६ आणि आज ८. त्या ६ आणि ८ मधल्या फरकाशी तुझ्या लेखनाचा काही संबंध नाही. तो आकडा वजनकाट्यावरचा नाही, गुण देताना लोक जसं बोलतात त्या बोलण्याची ती नक्कल आहे. ती पाटी मनातून पुसून टाक. फोनला यापुढे गुण मागू नकोस.

आता फोनने केलेली सुधारणा बघ. ‘समृद्ध पारंपरिक’, ‘एकतेचे प्रतीक’, ‘काळाच्या ओघात’, ‘आव्हाने उभी राहिली’, ‘मुळांशी जोडून’. हे शब्द छापील मराठीत इतक्या वेळा हातात हात घालून आले आहेत की एक आला की दुसरा आपसूक येतो. सर्वांत संभवणारं तेच, म्हणून यंत्राने तेच दिलं. ‘जिने रशीला नुसता हात लावला होता’ हे मात्र कुणाच्याच ओठावर आधीपासून नव्हतं. ते तू किनाऱ्यावर उभा राहून पाहिलं होतंस. जे फक्त तुझ्याकडे आहे तेच यंत्राच्या अंदाजात बसत नाही, आणि ‘सुधारून दे’ म्हटलं की पहिली काट त्यालाच लागते. पेडवे गेले, टोपली गेली, सोललेले हात गेले, म्हातारी गेली. आजोंचे ‘आजोबा’ झाले. आईने ओळखलं ते हेच.

आपल्या भाषेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर या यंत्रांना फार थोडा मिळालेला असतो, मालवणी त्याहून थोडा. खळं, मांगर, गजाली, पाग, पेडवे हे शब्द त्याला अनोळखी किंवा चुकीचे वाटू शकतात. शुद्धलेखन तपासणाऱ्या साध्या प्रोग्रॅमची गत त्याहून बिकट. त्याच्याकडे शब्दांची यादी असते आणि प्रत्ययांचे काही नियम, आणि आपण तर एका शब्दाला शेपटावर शेपूट जोडत जातो. ‘रापणकरांमधल्यांनासुद्धा’ हा शब्द मला-तुला सरळ कळतो, पण कुठल्याही यादीत तो असणार नाही, म्हणून त्याच्याखाली लाल रेघ येते. लाल रेघ आली म्हणजे शब्द चुकला असं समजू नकोस. तिथे एकदा थांबून बघायचं, एवढाच तिचा अर्थ. ‘वडीलांनी’खाली आली तर ती खरी, कारण अशा शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षरावरची दीर्घ वेलांटी प्रत्यय लागताना ऱ्हस्व होते: वडील, वडिलांनी, तसंच गरीब, गरिबाला. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे लेखनाचे अठराच नियम आहेत. एका रविवारी बसलास तर समजतील. लाल रेघ आली की त्यांच्याशी ताडून बघ, आणि ‘पेडवे’ला तसंच राहू दे.

एवढं सांगितल्यावर तुला वाटेल, बाई म्हणतायत फोन बाजूला ठेव. अजिबात नाही. रात्री अकरा वाजता तुझ्या गावात परिच्छेद वाचून देणारा दुसरा कोण जागा आहे? शहरातल्या मुलाला लेखनवर्ग मिळतो, जाणकार मित्र मिळतात. तुझ्याकडे दिवसभर आमरसाच्या डब्यांचे हिशेब आणि रात्री हा एक फोन. त्याचा उपयोग जरूर कर. फक्त त्याला खुर्चीवर परीक्षक म्हणून बसवू नकोस, समोर वाचक म्हणून बसव. वाचक, आणि तोही परगावचा, रापण कधी न पाहिलेला.

मी काय करते ते सांगते. परिच्छेद लिहून झाला की निदान एक रात्र जाऊ देते. मग कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक ओळ लिहिते: या परिच्छेदाने वाचकाला काय कळायला किंवा वाटायला हवं. ही ओळ कुणालाच दाखवायची नाही. तुझ्या बाबतीत ती कदाचित अशी असेल: ‘रापणीत ज्याचा हात लागला त्याचा वाटा, मग मासळी कितीही कमी असो.’ बघ, ही ओळ तुझ्या परिच्छेदात कुठेच नाही, तरी तो तिच्यासाठीच लिहिला गेलाय असं मला वाटतं. कदाचित मी चुकत असेन. तुझी ओळ तूच लिही, आणि ती फोन उघडण्याआधी लिही, कारण एकदा त्याचं उत्तर वाचलं की आपल्याला काय म्हणायचं होतं ते आपणच विसरतो.

मग फोनला परिच्छेद दे आणि साध्या मराठीत लिही: ‘यातलं काहीही बदलू नको. गुण देऊ नको. स्तुती करू नको. वाचून तुला काय कळलं ते एका वाक्यात सांग.’ स्तुती करू नको हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण या यंत्रांना गोड बोलण्याची खोड असते. तू म्हणालास की हे मला फार आवडलंय, तर त्यालाही ते आवडतं. म्हणून लेख तुझा आहे हेही सांगू नकोस. जे उत्तर येईल ते तुझ्या पेन्सिलीच्या ओळीशेजारी ठेव. तो म्हणाला, ‘हा परिच्छेद पर्ससीनमुळे झालेल्या नुकसानीबद्दल आहे’, तर तुला मोलाची गोष्ट कळली. चौथ्या आणि सातव्या वाक्याने आठव्याचा घास घेतलाय.

दुसरा प्रश्न: ‘कुठल्या वाक्यानंतर पुढचं वाक्य का आलं ते तुला कळलं नाही?’ हा त्याला छान जमतो. तुझ्या परिच्छेदात तो पाचव्या वाक्यापाशी बोट ठेवील, आणि बरोबर ठेवील. मासळी कमी झाली इथून एकदम मला रशी ओढायला आवडायचं इथे उडी आहे. तिसरा: ‘वाचताना कुठे प्रश्न पडला?’ मी स्वतः तुझा परिच्छेद वाचला तेव्हा मला तीन प्रश्न पडले. म्हातारी कोण, शंभर माणसं कशाला लागायची, आणि ‘त्या दिवशी’ म्हणजे कुठल्या. फोनला कदाचित दहा पडतील. सगळ्यांची उत्तरं द्यायची नसतात. काही प्रश्न वाचकाच्या मनात राहू दिलेलेच बरे. पण कुठला राहू दिला आणि कुठला आपल्या लक्षातच आला नव्हता, हा फरक तुला माहीत असला पाहिजे.

‘सुधारून दे’ एवढं मात्र म्हणू नकोस. त्याने एखादं वाक्य बरं सुचवलं असं वाटलं तर फोन बंद कर, वहीत ते वाक्य आठवून आपल्या बोलीत लिही. जे आठवलं नाही ते तुझं नव्हतं.

लबाडीचं विचारलंस. स्पर्धेच्या नियमांत एआय वापरू नये असं असेल तर प्रश्नच मिटला, वापरायचं नाही, प्रश्न विचारायलाही नाही. तसा नियम नसेल तर वाचक म्हणून त्याला विचारणं हे मित्राला विचारण्यासारखं आहे. त्याची वाक्यं आपली म्हणून पाठवणं ही लबाडी, मग नियम काहीही असो.

आता परिच्छेद जोखायचा कसा, या तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. मी बत्तीस वर्षं वह्या तपासल्या. सकाळी पहिल्या दहा वह्यांना माझा हात आखडलेला असायचा, दुपारी चहानंतर सैल व्हायचा. तीच वही पुन्हा हाती आली असती तर मी तेच गुण दिले असते याची मला खात्री नाही. पण दोन वह्या शेजारी ठेवून यातली बरी कुठली असं कुणी विचारलं असतं, तर बहुतेक वेळा मी बरोबर सांगितलं असतं. लुई थर्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये याच गोष्टीला गणिताचा पाया दिला: माणसाला सुटा आकडा देणं अवघड जातं, पण दोहोंतलं जास्त कुठलं हे तो बऱ्याच भरवशाने सांगतो, आणि अशा पुष्कळ जोड्यांतून सगळ्यांचा क्रम लावता येतो. आज काही ठिकाणी निबंधही असेच जोड्या लावून तपासतात. मासळीबाजारात तुझी आई काय करते? पापलेटाला १० पैकी किती हे ती ठरवत नाही. दोन हातांत दोन घेते, कल्ला उचलून बघते आणि एक ठेवून देते.

तेव्हा प्रत्येक परिच्छेदाचे दोन मसुदे कर. एक कागदावर असा, दुसरा तसा. कुठला कधी लिहिला हे न सांगता दोन माणसांना वाचून दाखव. एक रापण ओढलेला, एक न पाहिलेला. कुठला चांगला एवढंच विचार, का ते विचारू नकोस. ‘का’चं उत्तर देताना लोक शाळेत शिकलेलं बोलतात. त्यांचा चेहरा कुठल्या वाक्याला बदलला ते बघ. आईला तू नेमकं हेच केलंस, नकळत. एकाच वाचकावर थांबू नकोस एवढंच. आईला त्यातली माणसं ठाऊक आहेत, तिच्या डोळ्यांपुढे तू न लिहिलेलंही उभं राहतं.

वाचक कोण, यावरून एक आठवण. तुझ्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ सुरू केलं. त्याच्या पानावर एका बाजूला इंग्रजी आणि एका बाजूला मराठी स्तंभ असे. दोन वाचक त्यांच्या नजरेसमोर शेजारी शेजारी बसलेले होते. तुझ्यासमोरही दोन बसलेत. स्पर्धेचा परीक्षक जिल्ह्यातलाच असेल तर ‘रापण म्हणजे मोठं जाळं’ हे त्याला सांगायला नको. लेख पुढे पुण्या-नागपूरकडे जाणार असेल तर एवढ्याने भागणार नाही. मग होडीतून जाळं अर्धगोल सोडत कसं नेतात, दोन्ही टोकांच्या रश्या किनाऱ्यावर कशा येतात, दोन रांगा कशा मागे मागे सरकत ओढतात, हे सांगायला स्वतंत्र परिच्छेद लागेल. त्यातूनच शंभर माणसं कशाला, हे आपोआप कळेल. मध्येच अर्धं सांगणं कुणाच्याच कामाचं नाही.

‘सरकारने याकडे लक्ष दिलं पाहिजे’ हे वाक्य काढ. तुझा राग खोटा आहे म्हणून नव्हे. ते वाक्य कुठल्याही लेखात कुठेही बसतं, म्हणून. राज्य शासनाने २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. त्यानंतर तुमच्या किनाऱ्यावर काय बदललं, काय बदललं नाही, रापणीच्या जाळ्यात पूर्वी काय यायचं आणि आता काय येतं, हे तू पाहिलं आहेस. ते लिही, स्वतःच्या परिच्छेदात, नावानिशी आणि महिन्यानिशी. मग मागणी वेगळी करावी लागणार नाही.

तुझा परिच्छेद मी मांडून पाहिला. माझा एकही शब्द घातलेला नाही. तीन वाक्यं उचलून पुढच्या परिच्छेदांसाठी बाजूला ठेवली, सरकारचं काढलं आणि शेवटचं तोडलं, ते ‘त्या’ आणि ‘जिने’ यांच्या जागी थोडा हात लावून:

“मला लहानपणी रशी ओढायला आवडायचं. रशी ओली असायची, हाताची सालं निघायची. आजो सांगायचे की पूर्वी शंभर माणसं लागायची. त्या दिवशी एकच टोपली पेडवे मिळाले. आजोंनी पहिला वाटा म्हातारीला दिला. तिने रशीला नुसता हात लावला होता.”

यातही एक कच्ची जागा आहे. तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यांच्या मध्ये मला पाय ठेवायला दगड हवा आहे. पूर्वी शंभर लागायची, त्या दिवशी किती होती? वीस? बारा? तो आकडा फोनकडे नाही, माझ्याकडेही नाही. आणि शेवटच्या दोन वाक्यांचा क्रम उलटा केला तर? “तिने रशीला नुसता हात लावला होता. आजोंनी पहिला वाटा तिला दिला.” हा दुसरा मसुदा झाला. दोन्ही आईला वाचून दाखव आणि तिचा चेहरा बघ. मला पहिला आवडतो, कारण वाटा आधी मिळतो आणि तो का, ते नंतर कळतं. पण तुझा कान वेगळा असू शकेल.

राहिली ती म्हातारी. ती कोण होती, तू लिहिलं नाहीस. तिच्या घरातलं रापणीवर जाणारं कुणी उरलं होतं का? ती रोज यायची की त्याच दिवशी आली होती? आजो आता सांगायला नाहीत असं तुझ्या ‘सांगायचे’वरून वाटलं. आईला आठवत असेल. उद्या कामावरून आलास की तिला विचार, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरव. तो परिच्छेद झाला की फोनला दाखवायच्या आधी मला पाठव.

तुझी,
बाई